ओसरीच्या तुळईवरचं हरीण

मी ग्लेंडाची झुलती खुर्ची बोलतेय. हलत हलतच बोलेन, चालवून घ्या. स्थिर राहणं माझ्या अंगात नाही, आणि गेली काही वर्षं ते तिच्याही अंगात उरलेलं नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगरात तिच्या वडिलांनी मला घडवलं. घरामागच्या रानातलं लाकूड, बसायला सालीच्या पट्ट्यांची घट्ट वीण. खालची डावी कमान जरा जास्त तासली गेली, म्हणून मी झुलताना कुरकुरते. "असू दे," वडील म्हणाले, "ओसरीवर कोणी बसलंय हे घरात कळेल तरी."

नोव्हेंबर सरताना शिकारीचा मोसम उघडला की ही ओसरी गजबजायची. ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाचा मागचा तुकडा कात्रीनं कापून तुळईवर खिळ्यानं ठोकायचा, ही इथली रीत. वडील गेले आणि कात्री ग्लेंडाच्या हाती आली. तिच्या धाकट्या भावाचे, वेंडलचे, इतके तुकडे तिथं लटकले होते की त्यांतून एक अख्खा शर्ट शिवता आला असता. ग्लेंडाचा मात्र एकही नव्हता.

मग एका उन्हाळ्यात ती रानातून बेरी तोडून आली आणि माझ्यावर बसून राहिली. गोचीड कधी चावली, कुठे चावली, तिला कळलंच नाही. ताप आला, गेला. निदान उशिरा झालं. लाइम, गोचिडीच्या चाव्यातून होणारा आजार. औषधं झाली, आणि एका डॉक्टरांनी सांगितलं, आता काही नाही. दुसरे म्हणाले, आहे. त्यांचं ठरेपर्यंत दुखणं थांबायला तयार नव्हतं. सकाळी गुडघ्यात, दुपारी खांद्यात, संध्याकाळी जबड्यात. बोलता बोलता साधा 'चमचा' हा शब्द तिला सापडेनासा व्हायचा. त्यात अंगातली प्रतिकारशक्तीही खचली. कुणाची साधी सर्दी तिला इस्पितळात पोचवू लागली.

शेजारीपाजारी सुरुवातीला भाजलेल्या बटाट्यांची भांडी घेऊन यायचे. "अगं, चेहऱ्यावरून तर अगदी छान दिसतेस!" म्हणायचे. ती हसायची, आणि तिची बोटं माझ्या हातांत रुतायची. तो जोर मला कळायचा, त्यांना नाही. पुढे तिनं विनंती केली, की सर्दी-खोकला असेल तर येऊ नका, आणि याल तेव्हा तोंडाला मास्क लावा. लोकांनी त्याचा सोपा अर्थ काढला. यायचंच बंद केलं.

पिट्सबर्गची थोरली बहीण, अर्लीन, फोनवर एकच धोशा लावायची. "माझ्याकडे ये. बाराव्या मजल्यावर कसली गोचीड येतेय?"

"आणि बाराव्या मजल्यावरून मी बघू काय? गाड्यांची टपं?"

शेवटी दोघींत ठरलं. हा हिवाळा ग्लेंडानं इस्पितळात न जाता काढला, तर ती याच घरात राहणार. नाहीतर अर्लीन येऊन तिला घेऊन जाणार.

यंदा मोसम उघडला त्या दुपारी ग्लेंडा आत पडली होती. वेंडल पिकअप घेऊन आला. त्याचा नेम चक्क लागला होता. ज्या घरात आता शिकारीला जाणारं कुणी नाही, त्या घराला पहिलं हरीण द्यायचं, हीही इथलीच रीत. त्यानं हरीण तुळईला टांगलं, गार व्हायला, नेहमीसारखं, माझ्या अगदी शेजारी. स्वतःवर इतका खूश होता की शीळ घालत परसात सुरी धुवायला गेला.

जनावराचं अंग गार होऊ लागलं की त्याच्या केसांतल्या गोचिडी ऊब शोधत बाहेर पडतात. हे वेंडलला जन्मापासून माहीत होतं, पण आनंदात विसरला. मला विसरता येईना, कारण माझ्या पाठीवर काहीतरी चालत होतं. तिळाएवढं. पाठीवरून हातावर, हातावरून विणीत. सालीच्या दोन पट्ट्यांमध्ये ते थांबलं. वाट बघत.

दार उघडलं. ग्लेंडा रोज माझ्यावर पांढरी उशीची खोळ पसरून, नीट निरखून मगच बसायची. आज तिनं हरीण पाहिलं. इतक्या वर्षांनी कुणाला तरी तिच्या घराची आठवण झाली होती. तिचे डोळे भरले, खोळ हातातच राहिली, आणि ती बसली.

मी कुरकुरले. तेवढंच मला येतं, आणि त्याची तर तिला सवयच.

ती झुलली. उठली. कंबर धरून तुळईपर्यंत गेली, परत बसली. गुडघा स्वस्थ बसू देईना, पुन्हा उठली. ज्या अस्वस्थपणाला मी इतकी वर्षं दोष दिला, त्यानंच त्या दिवशी तिला एका जागी टिकू दिलं नाही. तिसऱ्यांदा उठताना तिची नजर पायाकडे गेली. विजारीवर ओढलेल्या पांढऱ्या मोज्यावर एक ठिपका. ठिपका चालत होता.

"वेंडल!"

तो धावत आला. तिनं मोज्याकडे बोट केलं. त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं चिकटपट्टीवर ती गोचीड उचलली, हरीण उतरवून गाडीत टाकलं आणि घाबरून अर्लीनलाच फोन लावला. फोनमधून अर्लीनचा आवाज ओसरीभर ऐकू आला. "सामान भर म्हणावं तिला! मी उद्या निघतेय!"

"ताई, माझं चुकलं गं," वेंडल रडकुंडीला आला. "मला वाटलं, तुला बरं वाटेल."

"वाटलं रे, गाढवा. तेच तर." ग्लेंडा कठड्याला टेकून उभी होती. "एक तर कुणी फिरकत नाही, नाहीतर अख्खं रान दारात आणून टांगता. मला काय हवंय, हे एकदा तरी विचारलंत?"

वेंडलनं मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "काय हवंय?"

"ओसरीभोवतीची पानं ओढ. गवत काप. अंगात कणकण नसेल तेव्हा ये, मास्क लाव आणि तिथं पायरीवर बसून गप्पा मार. मांस मला चालेल, पण पातेल्यात शिजून आलेलं." तिनं कात्री घेतली. "आणि आता वळ. शर्ट बाहेर काढ."

"अगं, पण माझा नेम लागला!"

"हरणाला लागला. माझ्याबाबतीत चुकला. वळ!"

कात्री धरताना तिची बोटं दुखत होती. तुकडा वाकडातिकडा कापला गेला.

दुसऱ्या दिवशी अर्लीन रिकाम्या बॅगा घेऊन आली, तेव्हा वेंडल आणि त्यानं बोलावून आणलेले दोन शेजारी मास्क लावून पानं ओढत होते. पायरीशी उभं राहून तिनं पानांचे ढीग पाहिले. "हिवाळा अजून जायचाय," एवढंच म्हणाली. बॅगा गाडीतच राहिल्या.

आता त्यांनी मला कढत पाण्यानं पुसून आत खिडकीशी ठेवलंय. गोचीड चावली असेल तर उमटतो तो लाल चट्टा अंगावर दिसतोय का, ते ग्लेंडा रोज बघते. अजून नाही. हिवाळ्याचं मला सांगता येत नाही. बाहेर तुळईवर वेंडलचा नवा तुकडा फडफडतो, आणि त्याच्याकडे पाहून ती कधीकधी एकटीच हसते.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी ग्लेंडा असेल. तिच्याकडे जा, पण तिला काय हवंय ते आधी तिलाच विचारा. आणि तुमच्यासमोर ती उठली, बसली, पुन्हा उठली, तर "जरा शांत बस ना" असं तेवढं म्हणू नका.