हंगेरीची बाटली, डोळखांबचं अंगण

मी वाइनची बाटली. माझं माहेर हंगेरीतलं टोकाय. तिथं द्राक्षांना वेलीवरच बुरशी धरते, ती मनुक्यासारखी सुकतात आणि त्यांचाच हा मधाच्या रंगाचा रस होतो. जमिनीखालच्या गार तळघरात मी मोठी झाले.

मग मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात आले. शेजार भारी मिळाला. निळ्या रेषांचं चीज, आवळ्याएवढे ऑलिव्ह, माझ्याच देशाची लाल मिरचीपूड. लोक यायचे, वास घ्यायचे, डोळे मिटायचे. खाण्यावर इतका जीव लावणारी माणसं मला आवडायची.

पण सगळ्यात जास्त जीव लावला मनोजनं. डोळखांबकडच्या पाड्यावरचा हा पोरगा दुकानात फळीवर माल लावायचा. मला पुसायचा आणि धाकट्या भावाला फोनवर सांगायचा, "ऋतिक, सडकी द्राक्षं रे. आपण फेकली असती. यांनी बघ, सोनं केलंय. एकदा घरी आणतोच."

मग तो तापानं गेला. फळीवर धूळ बसली.

काही दिवसांनी दुकानात मनोजसारखाच चेहरा आला. कोवळा आणि रागावलेला.

"हंगेरीची पायजे. बुरशीची. मनोजदादा पुसायचा ती."

काउंटरवरच्या चंद्रकलाचा हात थांबला. ती वाशिंदची, मनोजबरोबर काम केलेली. "तू ऋतिक ना? फोनवर भांडायचास तो?"

त्यानं मान खाली घातली. "उद्या त्याचे दिवस हायत."

"एक उघडी आहे. घोटभर चाखून बघ."

"नाय. आधी त्याला." गेलेल्या माणसापुढं ठेवायचं ते त्यांच्यात कुणी आधी तोंडाला लावत नाही. "हिच्यासंगती काय खातात?"

"चीज. गोड फळं."

"नाचणीची भाकर नि सुकट चालंल?"

चंद्रकलानं खरोखर विचार केला. "मनोजला चालली असती?"

"त्याला काय पण चालायचं."

"मग चालेल." तिनं मला जाड कागदात गुंडाळलं. "मांडीवर धर. जीप आदळते तुमच्याकडं."

आसनगावपासून घरापर्यंत त्यानं मला मांडीवरून हलवलं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगणात मनोजच्या नावानं पान मांडलं. ऋतिक माझी मान पिरगळत बसला. त्याला वाटलं होतं झाकण फिरवायचं असतं.

शेजारची काशी म्हणाली, "इंग्रजीत बोल तिच्याशी. मुंबईची हाय."

"आण इकडं," बाप लडकू म्हणाला. त्यानं पळीच्या दांड्यानं बूच खाली दाबलं. ते थेट माझ्या पोटात पडलं.

"सगळी त्यालाच," म्हणत ऋतिकनं मला पानाजवळ मातीवर उलटं धरलं. बारीकशी धार पडली आणि थांबली. त्यानं हलवलं, आपटलं. थेंब नाही.

"घे ना, दादा." तो पानाकडं वाकला. "तुझ्यासाठीच आणली रे."

आई बाईजा उठून जवळ आली. "किती आग्रह करशील? बास म्हणतोय तो."

"एवढीशीच घेतली गो आये."

"लहानपणापासून तसाच. आपल्या पुढ्यातलं तुझ्या ताटात ढकलायचा. राहिलेली तुझी हाय."

तिनं मला हातात घेतलं. बूच तरंगत येऊन माझ्या गळ्यात अडकलं होतं. तिनं ते पाहिलं. पाठ फिरवून तिनं एका काडीनं ते अलगद आत सारलं आणि पळसाच्या द्रोणात वाइन ओतून ऋतिकपुढं धरली.

मनोज गेल्यापासून त्यानं धड घास घेतला नव्हता. तो द्रोण त्यानं दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला. "गोड हाय," म्हणाला आणि पहिल्यांदा मोकळा रडला. मग बाईजानं तोडलेली भाकर त्यानं हातात घेतली आणि खाल्ली.

आज मी ओटीवर रिकामी उभी आहे. बूच अजून पोटात आहे, हलवलं की वाजतं. ऋतिक कधीकधी मला उजेडाकडं धरून त्या बुचाकडं बराच वेळ बघतो. त्याला कळलं असावं. तो आईला विचारत नाही. तुम्ही कधी त्या घरी पाणी प्यायला थांबलात, तर तुम्हीही विचारू नका.