फुगलेलं रबर

वाटूर फाट्याच्या अलीकडेच श्रद्धाला कळलं, क्लचचं काहीतरी बिनसलंय. पायडल दाबलं की खालीच राहायचं. बुटाच्या टोकानं उचलावं तेव्हा हळूहळू वर यायचं. फाट्यावर तर गिअरच पडेना. तिनं गाडी कशीबशी घरंगळत कचरूच्या गॅरेजसमोर आणली. शेजारी तिचे सासरे, मार्तंडअण्णा. दोघं आष्टीला लग्नाला निघाले होते.

कचरूनं आधी पायाखालचं मॅट ओढून बाहेर टाकलं, पायडलची स्प्रिंग ताणून पाहिली. "स्प्रिंग बराबर हाय, ताई." मग बॉनेट उघडून त्यानं ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण फिरवलं आणि तिथंच थांबला. झाकणाखालचं रबर फुगून वेडंवाकडं झालं होतं, खाचेत परत बसेना. त्यानं तेलात बोट बुडवून वास घेतला.

"ह्याच्यात इंजिनचं ऑइल कुणी टाकलं?"

"कुणीच नाही," श्रद्धा म्हणाली.

"टाकलंय, ताई. आतली समदी रबरं फुगून राह्यली. अन् क्लचची, ब्रेकची डबी एकच हाय. आज क्लच अडकला. मंग ब्रेक धरून बसतील, चाकं तापतील, अन् शेवटी कितीबी दाबा, गाडी थांबायची न्हाई. ही गाडी मी तुमाला नेऊ देणार न्हाई."

अण्णा दार उघडून खाली उतरले. "मी टाकलं," ते म्हणाले. "मागच्या रविवारी. तेल खुणेच्या खाली गेलं होतं, घरात डबा होता." मग हळूच म्हणाले, "दोन्ही गाड्यांत टाकलं, श्रद्धा."

दुसरी गाडी सकाळीच श्रद्धाचा नवरा सुयश राजूरला घेऊन गेला होता. मागच्या सीटवर त्यांची आठ वर्षांची अर्पिता होती.

श्रद्धानं नवऱ्याला फोन लावला. रिंग वाजून वाजून बंद झाली. पुन्हा लावला. कचरू हातातला पाना तसाच धरून उभा होता. अण्णा रस्त्याकडं बघत होते, जणू गाडी इकडूनच येणार होती. सातव्यांदा लावणार, तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला.

"अर्पिताची आई का? मी शिवकन्या, राजूरच्या रस्त्यावरून बोलते. वळणावर गाडी थांबलीच न्हाई, आमच्या कपाशीत घुसली. पोरगी माझ्याजवळ हाय, बोलून राह्यली. तिच्या बापाला जालन्याला नेलंय."

"ते बोलतात का?"

"श्वास चालू हाय," बाई म्हणाली.

कचरूनं काही न विचारता आपली जीप काढली. तिघं थेट जालन्याच्या दवाखान्यात गेले.

सुयश तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. मांडीत सळई घातली होती. तोवर कचरूनं वाटूरला राहिलेल्या गाडीच्या नळ्या धुऊन, सगळी रबरं बदलून गाडी दारात आणून लावली होती. तिला कुणी हात लावला नाही.

अण्णांनी मुलाला सगळं स्वतःच सांगितलं. सुयशनं ते ऐकून घेतलं.

"तुम्ही जेवलात का?" त्यानं विचारलं.

श्रद्धा खिडकीपाशी उभी होती. गेल्या तीन दिवसांत तिनं अण्णांना एवढंसुद्धा विचारलं नव्हतं, आणि आताही तिची जीभ वळेना.