दोन दोऱ्यांची कोंबडी

आप्पारावांनी कोंबडी उलटी धरली, तिचे पाय उन्हाकडे केले आणि नखं पाहिली. मग चोच पाहिली. मग पुन्हा नखं.

"पत्रिका जुळवायलाव का काय तिची?" विकणारा बिभीषण बसल्या जागेवरून म्हणाला.

"गावरान हाय म्हणतोस?"

"म्हणतो कशाला, हायच. आख्खं रान हिंडून आलीय."

"रान हिंडली तर नखं एवढी लांब कशी? उकरणाऱ्या कोंबडीची नखं झिजत्यात. अन् चोचीचा शेंडा कुणी कापला? रानात न्हावी बसला व्हता का?"

नेकनूरच्या बाजारात आजूबाजूला बसलेले हसले. बिभीषणनं कोंबडी ओढून घेतली. "जावा आप्पा, जावा. देव जरी कोंबडी घेऊन आला तरी तुमी त्याला तिकीट विचारताल."

आप्पारावांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली होती. कडेवरचं पोर अर्ध्या तिकिटाचं आहे की फुकटाचं, हे ते पोराचे दात बघून ठरवत. निवृत्तीनंतर गाडी सुटली, सवय सुटली नाही. दूधवाल्यासमोर ते दुधात बोट बुडवून बघत. अंडं सूर्यासमोर धरून बघत. दुकानदार वजन करताना काट्यावरची नजर हलवत नसत. आणि दुर्दैव असं, की बहुतेक वेळा त्यांचा संशय खराच निघे. आजही निघाला होता. अंड्यांच्या शेडमध्ये दाटीवाटीनं राहणाऱ्या कोंबड्या एकमेकींना टोचतात, म्हणून लहानपणीच त्यांच्या चोचीचा शेंडा काढतात. अंडी द्यायची थांबली की त्यातल्याच तांबड्या रंगाच्या कोंबड्या बाजारात गावरान होऊन बसतात.

पण आज संशय खरा निघून काही उपयोग नव्हता. कोंबडी हवी होती.

घरी लेक शिवकन्या बाळंतपणाला आली होती. बाळंतपणात तिचं रक्त फार गेलं होतं. अंगावर दूध पुरत नव्हतं, बाळ रडून रडून लालभडक व्हायचं, आणि शिवकन्या भाकरीचा तुकडा मोडून तो हातात धरून बसायची. डॉक्टर म्हणाले होते, "चिकन द्या, अंडी द्या. ती जे खाईल ते द्या." शिवकन्येनं तोंडानं एकच गोष्ट मागितली होती. "आप्पा, आई आळणी करायची बघा. तसली असती तर..."

आळणी म्हणजे कोंबडी शिजवलेलं नुसतं हळद, मीठ अन् लसणाचं पाणी. तिखट-मसाला घालायच्या आधीचं. गल्लीतल्या कितीतरी बाळंतिणींना साखराबाईंनी ते आपल्या हातानं पाजलं होतं. आता पोटच्या पोरीची वेळ आली, तेव्हा साखराबाई नव्हत्या. मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या.

बाजारातून आप्पाराव हैदरच्या दुकानावर आले. दुकानाच्या तोंडाशी जाळीच्या पेट्यांत पांढऱ्या बॉयलर कोंबड्या बसून होत्या. उभं राहायचाही त्यांना कंटाळा असावा, अशा.

"गावरान हाय का?"

"न्हाई आप्पा. आज बॉयलरच हाय," हैदर सुरीला धार लावत म्हणाला.

"आत ठेवली असशील एखादी. हाटेलवाल्यासाठी."

"बघा जाऊन. कुलूप न्हाई." हैदर हसला. "अन् बॉयलरला एवढं काय भेता? सगळं नेकनूर खातंय."

"सुया मारत्यात त्यांला. महिन्या-दीड महिन्यात असली धष्टपुष्ट व्हती व्हय कोंबडी?"

"आप्पा, एकेका शेडात हजारानं कोंबड्या असत्यात. एकेकीला धरून सुई मारत बसायला माणसं कुठनं आणायची? खाद्य अन् बीज तसलं असतंय त्यांचं. हां, चव न्हाई, ते मान्य. पण गावरान गावरान करताव, गावात उकिरडा राहिलाय का कोंबडीला उकरायला? फरशी झाली सगळी. गरिबाच्या ताटात कोंबडी येती ती ह्या पांढऱ्यांमुळं." मग त्यानं सुरी खाली ठेवली. "एक सांगतो. बॉयलरला मी कधी गावरान म्हणलो न्हाई. दुकान टाकल्यापासनं न्हाई."

"समदे असंच म्हणत्यात," आप्पाराव म्हणाले आणि निघाले.

त्या आठवड्यात त्यांनी आणखी दोन गावं पालथी घातली. एका ठिकाणी कोंबडी खरी वाटली, पण विकणारा माणूस खोटा वाटला. दुसरीकडे माणूस बरा होता, तर कोंबडीच्या डोळ्यात पाणी दिसलं. रिकामी पिशवी घेऊन ते घरी येत, तेव्हा अंगणात तांबडी त्यांची वाट अडवी.

तांबडी ही साखराबाईंची शेवटची कोंबडी. बाकीच्या काही मुंगसानं नेल्या, काही कुत्र्यांनी. ही एकटी उरली होती. तिच्या पायात दोन दोरे बांधलेले होते, एक लाल, एक हिरवा. आपली कोंबडी ओळखू यावी म्हणून गावातल्या बायका असा दोरा बांधतात. साखराबाईंनी दोन का बांधले, हे आप्पारावांनी कधी विचारलं नव्हतं. रोज सकाळी ते दाणे टाकत, ती खाई, आणि मग साखराबाई जिथं भांडी घासायला बसत त्या दगडाशेजारी जाऊन अंडं घाली.

बाजारातल्या हजार कोंबड्यांत एकीचीही खात्री देता येत नव्हती. खात्रीची कोंबडी एकच होती, आणि ती दारात उभी होती. हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. म्हणूनच ते गावं पालथी घालत होते.

"आप्पा, बॉयलर आणा की," शिवकन्या अंथरुणातून म्हणाली. "कसलीबी आणा. मला काय कळतंय त्यातलं." आणि बाळाला तिनं कोरड्या अंगाशी पुन्हा धरलं. बाळ क्षणभर थांबलं आणि मग रडायला लागलं.

आप्पारावांनी पिशवी उचलली. अंगणात जाऊन दाणे टाकले. तांबडी नेहमीसारखी आली. दाणे संपेपर्यंत ते थांबले.

हैदरनं पिशवीतून कोंबडी बाहेर काढली, तेव्हा त्याचा हात तिच्या पायावर थांबला.

"आप्पा, हीच?"

"हीच."

"काकूंची ना ही? दुसरी बघू की कुठली. मी धारूरकडं सांगून ठेवतो."

"तू सांगणार, कुणीतरी आणणार, अन् मी कुणाकुणावर भरवसा ठेवू? काप लवकर. पोरगी उपाशी हाय."

एरवी आप्पाराव मांस कापायच्या ठोकळ्याला खेटून उभे राहत. आपलीच कोंबडी, आपलाच तुकडा, यावर डोळा ठेवत. त्या दिवशी ते रस्ता ओलांडून चहाच्या टपरीकडे गेले आणि दुकानाकडे पाठ करून बसले. चहा आला, तो तसाच राहिला. बऱ्याच वेळानं हैदरनं हाक मारली. काळी पिशवी गाठ मारून दिली. पैसे घेतले नाहीत. त्यानं मान वर करून बघितलंही नाही.

घरी येऊन आप्पारावांनी चुलीवर पातेलं ठेवलं. कुकर होता, पण गावरान कोंबडी साखराबाई चुलीवरच शिजवायच्या. त्याला वेळ लागतो, लाकडं लागतात, मध्ये मध्ये गरम पाणी घालावं लागतं. आप्पारावांनी दुपारभराची लाकडं रचून ठेवली होती.

पहिलं लाकूड जळून संपतं न संपतं, तोच मांस हाडावरून सुटलं.

त्यांनी पळीनं एक तुकडा उचलला. हाड बोटानं दाबलं, ते मोडलं. पाण्यावर पिवळी चरबी नव्हती. आणि मग त्यांना आठवलं, की तांबडी रोज अंडी देत होती. अंड्यावरची कोंबडी कापली की पोटात न घातलेल्या अंड्यांचा घोस निघतो, लहान-मोठ्या पिवळ्या मण्यांचा. साखराबाई तो आळणीतच टाकायच्या. पिशवीत तसलं काही नव्हतं.

म्हणजे ही बॉयलर होती. आपण पाठ केली, अन् हैदरनं डाव साधला! तांबडी एव्हाना कुठल्यातरी ढाब्यावर गावरानच्या भावात गेली असेल. बॉयलरला कधी गावरान म्हणलो न्हाई म्हणे!

ते उठले. पायात चपला सरकवल्या.

"आप्पा," आतून आवाज आला, "वास लई भारी सुटलाय. झाली का?"

ते थांबले. चपला काढल्या. वाटी भरली आणि आत नेली. शिवकन्येनं दोन्ही हातांनी वाटी धरली, फुंकर मारून एक घोट घेतला, आणि डोळे मिटले.

"गावरानच हाय ना?" ती म्हणाली. "कळतंय चवीला. आई करायची तशीच झालीय."

"हं," आप्पाराव म्हणाले.

"आणखी हाय का?"

दुसऱ्या वाटीबरोबर तिनं अर्धी भाकरी कुस्करून खाल्ली. मग ती बाळाला घेऊन कुशीवर वळली. आप्पाराव दाराबाहेर बाळाच्या रडण्याची वाट बघत बसून राहिले. बाळ झोपलं असावं.

पण राग गेला नव्हता. सकाळी ते मोकळी पिशवी घेऊन निघाले. नोकरीत असताना ते एक शिकले होते, चोर पकडायचा तर मागच्या दारानं चढायचं. म्हणून ते दुकानासमोर न जाता मागच्या बोळातून गेले. हैदरचं घर दुकानाला लागूनच होतं. त्यांनी आवाज न करता कुडाचं दार ढकललं.

अंगणात बाजेवर हैदरची आई आमिनाबी लसूण सोलत बसली होती. तिच्या पायाशी तांबडी माती उकरत होती. पायात लाल दोरा, हिरवा दोरा.

"या भाऊ," आमिनाबी म्हणाली. "पुढल्या दारातनं आला असता तर कुणी हाकललं असतं का?"

आप्पाराव दारातच थांबले. त्यांनी नुसतं कोंबडीकडे बोट केलं.

"हैदरनं आणून दिली. म्हणला, अम्मी, तुझी कोंबडी."

"तुझी कशी? साखराची हाय ती."

"अर्धी तिची, अर्धी माझी." आमिनाबीनं लसणाची पाकळी सुपात टाकली. "साखरानं सांगितलं न्हाई व्हय कधी? अंडी माझ्या कोंबडीची, खुडूक कोंबडी तिची. तिच्याकडं उबवली. पिलं निम्मी निम्मी घेतली अन् ही एकटी वर राहिली. साखरा म्हणली, हिला ठिवू दोघींत. लाल दोरा तिचा, हिरवा माझा. आठ दिवसाची अंडी तिला, आठ दिवसाची मला. वाट्याची कोंबडी एकटीनं कापायची नसती, भाऊ. दुसरीला विचारावं लागतंय."

"मला कुठं माहीत..."

"बायांचं असतंय हे. गड्यांला काय कळायलंय?" ती हसली. "साखरा गेल्यापास्नं माझीबी अंडी तुमीच खायलाव की!"

आप्पाराव बाजेच्या कडेला टेकले. जन्मभर त्यांनी लोकांची अर्धी तिकिटं पकडली होती.

"मागायचं व्हतं की मग," ते हळूच म्हणाले.

"दुःखाच्या घरात अंडी मागायला येऊ व्हय?" आमिनाबीनं लसणाचं सूप बाजूला सारलं. "पोरीनं खाल्लं का काल?"

"दोन वाट्या."

"दूध?"

"रात्री बाळ रडलं न्हाई."

"मग झालं. घेऊन जावा तुमची तांबडी."

आप्पारावांनी पिशवीची घडी घातली, ती पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. "असू दे हितंच," ते म्हणाले. "आमच्याकडं तिला बोलवायला कुणी न्हाई. अन् हितं उकरायला माती हाय."

ती उठली. कोनाड्यातून एक अंडं आणून तिनं त्यांच्या हातावर ठेवलं. ते अजून कोमट होतं. "आजचं तुमचं. लाल दोऱ्याचं."

पुढं दुकानात जायला घरातूनच वाट होती. हैदरनं त्यांना आतल्या दारात पाहिलं आणि त्याच्या हातातली सुरी थांबली. पण माघार घेणारा तो नव्हता.

"आप्पा," तो ठोकळ्याकडे बघत म्हणाला, "कशी झालती कोंबडी?"

आप्पारावांनी हातातल्या अंड्यावर मूठ मिटली.

"लई वेळ लागला बे शिजायला," ते म्हणाले. "गावरानच ती. निम्मी लाकडं संपली."

हैदरनं एकदाच वर पाहिलं. मग खांद्यावरच्या फडक्यानं तोंड पुसलं, उगीचच.

"आज काय हाय?" आप्पारावांनी विचारलं.

"आज..." हैदर अडखळला. "आज बॉयलर हाय, आप्पा."

"दे एक."

हैदरनं पेटीत हात घातला. आप्पाराव बाकावर बसले, रस्त्याकडे तोंड करून. मागं तराजूचा काटा हलून थांबल्याचा आवाज आला. त्यांनी वळून बघितलं नाही. समोरून ऊन येत होतं, आणि अंडं त्यांच्या मिटलेल्या मुठीत होतं.