कानवाल्या बाईंची तिकिटं

इस्पितळात सगळे त्यांना कानवाल्या बाई म्हणत. बावीस वर्षं त्या तळमजल्यावरच्या आवाजबंद खोलीत लोकांचे कान तपासत आल्या होत्या. माणसाला काचेपलीकडे बसवायचं, हेडफोन चढवायचा, जाड-बारीक सूर सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. काही लोक ऐकू न आलेल्या सुरालाही बटण दाबतात. बाईंना ते चेहऱ्यावरूनच कळे.

नवं यंत्र आलं, तेव्हा ते नीट चालतंय का हे बघायला त्यांनी जेवणाच्या सुट्टीत स्वतःचेच कान तपासले. कागदावरची रेघ बारीक सुरांपाशी आली आणि जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली. यंत्रातच खोट असणार म्हणून त्यांनी जुनं यंत्र लावलं. रेघ तीच आली. आतली नस थकत चालल्याची ती खूण होती. त्यावर औषध नाही, हे त्या रोज कुणाला ना कुणाला समजावून सांगत. या कानाचं त्या कानाला कळू न देता त्यांनी कागदाची घडी घातली आणि दुपारचा पहिला पेशंट आत घेतला.

त्याच संध्याकाळी घरी न जाता त्या एका नाटकाला गेल्या. अकरा वर्षांत त्यांनी थिएटरचं तोंड पाहिलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या चौघांची गोष्ट होती ती, आणि चौघं वाद्यांशिवाय नुसत्या गळ्यावर गात होते. बाई बाहेर पडल्या त्या पुढच्या तिकिटाची चौकशी करतच.

मग पायाला भिंगरी लागल्यासारखं झालं. शहरात इतकी नवी संगीत नाटकं होत असतील अशी त्यांना कल्पनाच नव्हती. एक पाणी काढून टाकलेल्या पोहण्याच्या तलावात होतं, प्रेक्षक उथळ बाजूच्या फरश्यांवर बसलेले. एक फर्निचरच्या दुकानात, किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या सोफ्यांवर. शनिवारी त्या दुपारी एक आणि संध्याकाळी दुसरं बघत. पहिलं संपायच्या आतच दुसऱ्याच्या घाईनं उठत, आणि तिथं पोचल्यावर पहिल्याचा शेवट काय झाला असेल या विचारानं बेचैन होत. झांजेचा शेवटचा झणकार ऐकू आला की नाही, कुठल्या ओळीतला 'स'चा बारीक उच्चार निसटला, हे त्या तिकिटाच्या मागे लिहून ठेवत. कुठंच मन लागेना. नुसतं गोळा करत सुटल्या होत्या.

नवऱ्यानं आधी कानाडोळा केला. पाणीपुरवठ्याच्या नळांचे नकाशे काढणारा शांत माणूस तो. पण सहाव्या आठवड्यात त्यानं सरळ विचारलं, दुसरं कुणी आहे का म्हणून. बाईंना हसू आलं आणि त्या हसण्याचीच लाज वाटली. पुढच्या नाटकाला त्या त्याला घेऊन गेल्या. सोफ्यावर त्याला पहिल्याच गाण्यात झोप लागली. निदान त्याची शंका तरी मिटली.

नंतर एका जुन्या छापखान्याच्या मागच्या हॉलमध्ये एका नाटकाची खुली तालीम होती. आईमागे घरातल्या वस्तू वाटून घेणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट. थोरलीचं काम करणारी नटी जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. आवाज असा, की बाईंची चुळबुळ थांबली. मात्र दहा मिनिटांत त्यांचं लक्ष गाण्यावरून उडालं. पियानो उजवीकडे असला की नटी सुरात पक्की, तो डावीकडे आला की थोडी खाली घसरायची. गाणं उचलण्याआधी ती पियानोच्या झाकणावर तळवा टेकवायची. धाकटी बोलू लागली की तिच्या ओठांकडे बघायची.

तालमीनंतर प्रेक्षकांनी मतं मांडली. एका गृहस्थांना तो झाकणावरचा हात फार आवडला होता, आईच्या वस्तूवरचं प्रेम त्यात दिसतं म्हणाले. नटी हसली. बाईंना राहवेना. पडद्यामागे नटी तोंड पुसत होती, तिथं त्या गेल्या आणि बावीस वर्षांच्या सवयीनं विचारून बसल्या, "डाव्या कानानं कमी ऐकू येतं का तुम्हाला?"

नटीचा हात थांबला. "नाटकाबद्दल काही म्हणायचं असेल तर म्हणा," ती म्हणाली.

बाई कानकोंड्या झाल्या. इस्पितळाचं नाव आणि खोलीचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून त्यांनी ती आरशापाशी ठेवली आणि निघून आल्या. आठवडाभर स्वतःला बोल लावत राहिल्या. कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?

नवव्या दिवशी नटी आली. वेळ घेतलेली नव्हती, टोपी कपाळापर्यंत ओढलेली. कुणाला कळलं तर काम जाईल, एवढंच म्हणाली. बाईंनी तिला काचेपलीकडे बसवलं. नटीनं एकदाही खोटं बटण दाबलं नाही. रेघ आली ती वेगळीच होती. डाव्या कानात जाड सूर मंद, पण कानामागच्या हाडावर सूर लावला तर लख्ख. म्हणजे नस शाबूत होती, कानातलं चिमुकलं हाड जखडलं असावं. नक्की काय ते डॉक्टर सांगतील, पण असा कान शस्त्रक्रियेनं बऱ्याचदा सुधारतो, असं बाईंनी सांगितलं. नटीनं कागदावरची रेघ नीट पाहून घेतली. मग म्हणाली, "आणि तुमचं काय?"

बाईंना वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही.

"तुम्ही मला बघत होता, तशी मीही तुम्हाला बघत होते. सगळे माझ्या हाताकडे बघत होते आणि तुम्ही ओठांकडे. मी तेच करते, म्हणून कळलं. तुमचे कान कोण तपासतं?"

"कुणी नाही," बाई म्हणाल्या. आणि मग, पहिल्यांदाच मोठ्यानं, "माझे बरे व्हायचे नाहीत."

त्या संध्याकाळी त्यांनी ते नवऱ्याच्याही कानावर घातलं. त्यानं कुठलाही धीराचा शब्द काढला नाही. मला का नाही सांगितलंस, असं दोनदा विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांच्याबरोबर श्रवणयंत्रं घ्यायला आला.

यंत्रांनी आधी छळच मांडला. नळ, चमचे, वर्तमानपत्र, सगळंच अंगावर येई. दोन बहिणींचं नाटक लागलं तेव्हा मागच्या रांगेतल्या पिशवीची चुरचुर गाण्याइतकीच मोठी होती. मध्यंतरात बाईंनी यंत्रं काढून मुठीत धरली, पुन्हा घातली आणि उरलेलं नाटक मागच्या भिंतीपाशी उभं राहून पाहिलं. शब्द मात्र सगळे कळले, एक सोडून.

नाटकाचे सगळे प्रयोग संपल्यावर नटीनं शस्त्रक्रिया करून घेतली. तिचा कान सुधारला. सुरुवातीला जग ओरडतंय असं वाटायचं तिला, भीतीनं तिनं महिनाभर गाणं बंद ठेवलं होतं. बाईंची रेघ वर्षाच्या तपासणीत आणखी एक पायरी उतरली. त्या दिवशी त्यांना कुणाशीच बोलावंसं वाटलं नाही.

पण नटीनं नव्या नाटकाच्या तालमीला त्यांना बोलावून घेतलं आहे. शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात का, ते धडधाकट कानांना सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून दर बुधवारी चार वाजता कानवाल्या बाई इस्पितळातून निघतात. त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवलेली असते, पण त्या बसत नाहीत. गाणं चालू असताना हॉलभर फिरत राहतात, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, आणि एखादा शब्द निसटला की हात वर करतात.