न बिघडणारा कॉम्प्युटर

"लाल मिरची निवडते, देठ काढिते हातानं
माझ्या मसाल्याची चव, बाई, ओळखावी गावानं"

लालबागच्या डंकाबाहेर रांगेत उभी राहून आई हे गुणगुणायची. आत मसाला कांडल्याचा धडधडाट, हवेत तिखटाची धूळ, शिंका, खोकला, आणि त्या सगळ्यावर तरंगणारा तिचा बारीक, किनरा आवाज. एकदा शिंकून शिंकून बेजार झालेल्या लहानग्या अंबिकाने विचारलं होतं, "पुडीतला तयार मसाला का गं नाही घेत?"

आई हसली होती. "घेतला असता. मग डंकावर कशाला आले असते? या बाया कुठे भेटल्या असत्या मला?"

अंबिका आता साठीच्या उंबऱ्यावर होती. लग्न होऊन गिरगावात आली, नवऱ्यामागे एकटी झाली, पूर्वी नावाची मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली. घरी बसून ती लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, मंडळांच्या स्मरणिका कॉम्प्युटरवर जुळवून छापखान्यांना पाठवायची. तिच्या हातची पत्रिका लोक अक्षरांच्या मांडणीवरून ओळखत.

तिचा जुना कॉम्प्युटर मात्र लहरी. मनात आलं की तीन शिट्ट्या मारायचा आणि गप्प व्हायचा. मग समोरच्या वाडीतून मॅथ्यू यायचा. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला, उंच, हळू बोलणारा माणूस. बायको आग्नेस गेल्यापासून तोही एकटाच. खांद्याला चामड्याची पिशवी, पिशवीत स्क्रू-ड्रायव्हर आणि एक खोडरबर. तो पेटी उघडायचा, रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा, फुंकर मारायचा आणि पट्टी परत बसवायचा.

"झालं. आता बोलेल तुमच्याशी."

मग चहा, खोबऱ्याची वडी, आणि गप्पा. आग्नेस उन्हात वाळवायची त्या मिरच्या, फोनच्या तारांत घरटं करणारे कावळे, लेकीच्या लहानपणीच्या खोड्या. दिवेलागण कधी व्हायची कळायचं नाही.

पण कामाशिवाय मॅथ्यू कुणाचा जिना चढत नसे. न बोलावता जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं आणि कामाशिवाय बोलावणं अंबिकाच्या. त्यामुळे कॉम्प्युटर बिघडला की ती आधी कपाळाला हात लावायची, आणि मग साडी बदलायची.

पाडव्याच्या तोंडावर त्या कॉम्प्युटरने कायमचे डोळे मिटले. खोडरबर झिजला, पण शिट्टीसुद्धा वाजेना.

"आई, सरळ कंपनीचा तयार घे," पूर्वी फोनवर म्हणाली. "मी इथून ऑर्डर करते. तीन वर्षं वॉरंटी. काही झालं की कंपनीचा माणूस घरी येणार. त्या अंकलना तरी किती पळवशील?"

कंपनीचा माणूस घरी येणार! अंबिकाला त्या न पाहिलेल्या माणसाचा रागच आला.

"मॅथ्यूंना विचारते," ती म्हणाली. तिला वाटलं, तो तरी म्हणेल, छे, तयार कशाला, आपण जोडू.

मॅथ्यू बशीत चहा ओतत म्हणाला, "पूर्वी बरोबर बोलते. तयारच घ्या. एकाच ठिकाणी सगळी जबाबदारी. जोडून घेतलात तर काही झालं की माझीच वाट बघायची. आणि मी तरी किती दिवस येणार?"

शेवटचं वाक्य तिला माशाच्या काट्यासारखं टोचलं. याला यायचंच नाही की काय? तिने वडीची बशी त्याच्यापुढून उचलली, मग लाज वाटून परत ठेवली.

"मी मसाला कधी पुडीतला आणला नाही," ती म्हणाली. "हाही जोडूनच घ्यायचा. तुम्ही येणार आहात का लॅमिंग्टन रोडला सुटे भाग घ्यायला, की मी एकटी जाऊ?"

मॅथ्यूने तिच्याकडे नीट पाहिलं. "एकट्या गेलात तर दुकानदाराचं काही खरं नाही," तो म्हणाला. "येतो."

लॅमिंग्टन रोडवर त्या दिवशी अंबिकाला डंकाची गल्लीच भेटली. तशीच गर्दी, तसंच "आओ भाभी, क्या मंगता?" फक्त मिरचीच्या पोत्यांच्या जागी खोके.

"हा प्रोसेसर," मॅथ्यू समजावत होता. "ही तुमची लवंगी. तिखटपणा सगळा याच्यात."

"आणि ही रॅम?"

"बेडगी समजा. हात सढळ ठेवायचा."

"आणि मीठ?"

"पॉवर सप्लाय. दिसत नाही, पण तो हलका घेतला तर सगळी भाजी वाया."

अंबिकाने खोका उचलून सवयीने नाकाशी नेला. दुकानदार हसला. "भाभी, आप शाम को आओ. मैं बनाके रखता है."

"नको, समोर जोडा," अंबिका स्टूल ओढत म्हणाली. "माझी आई डंकावरून हलायची नाही. लोक मसाला बदलतात."

"हम लोग नहीं बदलता, भाभी!"

"डंकवालेही हेच म्हणायचे."

शेवटी मॅथ्यूनेच बाह्या सरसावल्या. त्याची लांब बोटं एकेक भाग असा बसवत होती, जसं कुणी झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावं. अंबिका आपण निवडलेल्या निळ्या, रिकाम्या कॅबिनेटवरून हात फिरवण्यात दंग होती.

"अंकल, शिट्टीवाला छोटा स्पीकर लगाऊं?" दुकानदाराने विचारलं.

"नको रे," मॅथ्यू म्हणाला. "उगाच घाबरवतो माणसाला."

घरी आल्यावर बटण दाबताच निळी पेटी अलगद जागी झाली. अंबिकाने तिला हळदकुंकू लावलं, मॅथ्यूने छातीवर क्रूस केला, आणि दोघं एकमेकांकडे पाहून हसली.

मग तो कॉम्प्युटर चालला. चालतच राहिला. लग्नसराईच्या पत्रिका गेल्या, मुंजी गेल्या, एका मंडळाची जाडजूड स्मरणिका गेली. शिंक नाही, उचकी नाही. अंबिकाने त्याच्यावरचं झाकणाचं कापड काढून टाकलं, की धूळ तरी बसेल. उदबत्तीचं तोंड त्याच्याकडे केलं. निळा बाबा ढिम्म!

वाडीच्या तोंडाशी, कोळणीच्या पाटीजवळ मॅथ्यू भेटायचा.

"कसा चाललाय?"

"मस्त."

"छान." तो अभिमानाने मान डोलवायचा. मग उगाच हातातली पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचा, आणि जायचा.

एवढा चांगला कशाला जोडला मेल्याने, असं तिच्या मनात यायचं. कंपनीचा तयार आणला असता तर निदान चिडायला कंपनी तरी असती.

एका दुपारी कुणा नवरदेवाचं नाव अर्धं टाईप करून तिने हात थांबवले आणि फोन लावला.

"मॅथ्यू, शिट्टी मारतोय हो."

"कशी?"

"तशीच. जुन्यासारखी. तीनदा."

"बरं," तो म्हणाला. "येतो."

तिने साडी बदलली. जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. मॅथ्यू दारात उभा होता, इस्त्रीचा शर्ट, हातात नानकटाईचा गरम पुडा. खांदा मोकळा.

"पिशवी कुठेय?" अंबिकाने विचारलं.

तो आत येऊन नेहमीच्या खुर्चीत बसला. पडद्यावर अर्धा नवरदेव लख्ख दिसत होता.

"अंबिकाबाई," मॅथ्यू पुड्याची दोरी सोडत म्हणाला, "शिट्टी ज्याच्यातून येते तो स्पीकर मी याला बसवलाच नाही. याला शिट्टी येतच नाही."

अंबिकाचे कान तापले. पदराशी तिची बोटं चाळा करू लागली. मॅथ्यूने तिच्याकडे पाहिलं नाही. एक नानकटाई बशीत ठेवत तो अगदी हळू म्हणाला, "शेजारचा कुकर असेल. तीन शिट्ट्या म्हणजे डाळ. फसायला होतं कधीकधी."

त्याने तिला पळवाट ठेवली होती. हो म्हटलं की सुटका होती. अंबिकाला धडधडत्या डंकाबाहेरचा आईचा तो किनरा आवाज ऐकू आला. या बाया कुठे भेटल्या असत्या मला?

ती समोरच्या खुर्चीत बसली.

"कुकर नव्हता," ती म्हणाली. "काही बिघडलं नाहीये. तुम्ही यावं म्हणून बोलावलं. कॉम्प्युटर जोडून घेतला, तोही त्याचसाठी."