आठव्या गाण्यातला विराम

ताईनं कानांवरचा हेडफोन काढला आणि समोरच्या स्टँडवर आपटला. स्टँड डगमगला, स्वरलिपीचे कागद घसरून जमिनीवर पसरले.

“बाळ्या, तू लय मागे ओढतोयस. सकाळपासून ओढतोयस.”

बावन्न वर्षांच्या माणसाला बाळ्या म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते त्याच्यावर खेकसत होतं. त्यानं पियानोच्या पट्ट्यांवरून हात काढून मांडीवर ठेवले. दोघांच्या मध्ये आज पुरुषभर उंचीचा, गादीसारखा जाड आडपडदा उभा होता. आवाज एकमेकांत मिसळले नाहीत तर नंतर दुरुस्ती सोपी जाते, म्हणून रेकॉर्डिस्टनं तो सकाळीच आणून ठेवला होता. काल पडद्याशिवाय सात फ्रेंच गाणी सुरळीत पार पडली होती. आज आठव्यानं अकरा वेळा माती खाल्ली होती.

गाणं तसं साधं होतं. नदीकाठी कुणीतरी कुणाची तरी वाट बघतं. फ्रेंच गाण्यांत बहुतेक जण हेच करतात. मधोमध पियानो थांबतो, क्षणभर काहीच नाही, आणि मग एका श्वासात पेलायची लांबलचक ओळ. ती ओळ ताईला आज पुरत नव्हती. शेवटच्या शब्दावर येईपर्यंत दम संपायचा. त्यात फ्रेंच उच्चारात त्या शब्दातली निम्मी अक्षरं गिळायची असतात. गिळायचीच तर लिहिता कशाला, असं दोघांना शिकवताना आई म्हणायची.

“ऐकून बघू या?” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला. त्याचा स्वर इतका शांत होता की बाळ्याला त्याला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

त्यांनी ऐकलं. विराम आला, आणि आला तो हलेचना. पियानोवाल्याला डुलकी लागली की काय, असं कुणालाही वाटलं असतं. मग ताईचा घाईघाईत घेतलेला अर्धामुर्धा श्वास, आणि मग ओळ.

“श्वास काढून टाकता येईल,” रेकॉर्डिस्ट म्हणाला. “कुणाला कळणार नाही.”

“काढाच,” ताई म्हणाली. “म्हातारी जिना चढतेय असं वाटतं.”

त्यानं श्वास काढून ऐकवलं. आता मागे नुसती पोकळी उरली होती, आणि तिचं खापर सरळ बाळ्याच्या माथ्यावर फुटत होतं.

त्याला भयंकर राग आला. अडतीस वर्षं तो हिच्या मागून चालत आला होता. या अल्बमच्या कव्हरवर हिचं नाव ठळक, त्याचं खाली बारीक, याचंही त्याला काही नव्हतं. फोटो तर हिचाच, मान उजवीकडे किंचित कललेली. त्या मानेवर समीक्षकांनी रकानेच्या रकाने भरले होते. बाळ्याच्या मते तो निव्वळ नखरा होता, पण तेही त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं. यानंतर गाणं बंद, असं ताईनं ठरवून टाकलं होतं. म्हणजे दोघांचं मिळून मागे राहणार ते एवढंच, आणि त्यात तो कायमचा अडखळत राहणार.

“मी ओढत नाही,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “मी थांबतो. तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी? अरे, मी तिथं तुझ्यासाठी ताटकळत उभी असते!”

“एक विचारू का?” रेकॉर्डिस्ट चाचरत म्हणाला. “त्या विरामानंतर सुरुवात नेमकी कुणाच्या इशाऱ्यावर होते?”

“हिच्या,” बाळ्या म्हणाला.

“ह्याच्या,” ताई म्हणाली, त्याच क्षणी.

 

“आईनं सांगितलं होतं मला,” बाळ्या सावकाश म्हणाला. “डोळे मीट आणि तिच्या श्वासाकडे कान ठेव. तिनं श्वास घेतल्याशिवाय हलायचं नाही.”



“मला म्हणाली, ह्याच्या मनगटाकडे बघ. ते वर गेलं की श्वास घे. लहान आहे, बावरतो, तू सांभाळून घे.” ताई पडद्यामागून म्हणाली. “मला बरंच झालं ते. लोकांकडे बघून गायची माझी छाती कधी झालीच नाही रे. आज मध्ये हा पडदा, मनगट दिसतंय कुठे?”

“मग इतकी वर्षं सुरुवात कोण करत होतं?” रेकॉर्डिस्टनं विचारलं.

 आईला विचारावं, तर ती जाऊन अकरा वर्षं झाली होती.

बाळ्या उठला आणि दोन्ही हातांनी आडपडदा ढकलत भिंतीपाशी नेऊ लागला.

“मग नंतर मला काही दुरुस्त करता येणार नाही हं,” रेकॉर्डिस्ट म्हणाला.

“नका करू.”

ताईनं कागद गोळा केले, हेडफोन बाजूला ठेवला आणि ती पियानोच्या वळणात, आपल्या नेहमीच्या जागी येऊन उभी राहिली. बारावा टेक सुरू झाला.

विराम आला. सवयीनं त्याचे डोळे मिटू लागले, कान श्वासाकडे लागले. श्वास आला नाही. त्यानं डोळे उघडले. ताई मान उजवीकडे कलवून त्याच्या हाताकडे बघत होती, ओठ घट्ट मिटलेले, फळ्यावरचं उतरवून घेणाऱ्या मुलीसारखी. या क्षणी ती कशी दिसते हे त्यानं आजवर बघितलंच नव्हतं. सकाळपासूनचा राग अजून बोटांत होता. वाटलं, थांबावं आणखी. ताटकळू दे जरा.

मग त्यानं मनगट उचललं, नेहमीपेक्षा सावकाश, आणि तिचा श्वास पुरता भरेपर्यंत तसंच धरून ठेवलं.