अमृतचा पेला

"ह्यो पेला भाईर खिडकीत कुनी ठिवला?" दुधाची किटली ओट्यावर आपटत बनुबाईंनी विचारले.

रामहरीभाऊंनी नोंदवहीतून मान वर केली नाही. पारनेर तालुक्यातल्या या दूध संकलन केंद्राचे ते सतरा वर्षे सचिव होते. एवढ्या काळात त्यांचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. हाती घेतलेले कामही ते कधी अर्धवट सोडत नसत. भिंतीवर ओळीने खिळे त्यांनीच ठोकले होते आणि प्रत्येक खिळ्याला नाव कोरलेला स्टीलचा पेला टांगलेला असे. सकाळच्या पहिल्या दुधाचा चहा सगळ्यांनी मिळून प्यायचा, हा तिथला रिवाज. दूध तपासणाऱ्या अमृतचा पेला आज त्या ओळीत नव्हता.

"काम सोडलं त्यानं," रामहरीभाऊ म्हणाले.

"सोडलं का तुमी घालवला?"

रांगेतले लोक बघू लागले. रामहरीभाऊ उठून बनुबाईंजवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, तुमाला म्हाईत न्हाई. परवा मेव्हण्याच्या पोरीचं स्थळ घिऊन गेल्तो. तर म्हनला, काका, मला बायका आवडत न्हाईत, पुरुष आवडत्यात. आता अशाच्या हातचं दूध..."

"म्हाईत हाय मला." गावाने ज्या तोंडाचा धसका घेतला होता, त्या तोंडातून आवाज कुजबुजण्याइतका खाली आला. "दोन वर्सं झाली. मी बी स्थळ आनलं हुतं त्याला. चार शिव्या घातल्या, मंग च्या पाजला. दुसऱ्या दिशी दुधाच्या फॅटवरनं पुन्ना भांडलेच की त्याच्याशी!"

रामहरीभाऊंना खरे वाटेना. बनुबाई? सगळ्या गावाशी भांडणारी ही बाई?

"मला सांगताना थरथरत हुता पोरगा. तुमचं मातर भ्या न्हवतं त्याला. म्हनायचा, काका देवमानूस हायेत."

'उद्यापासून येऊ नको, बाळा.' आपलेच वाक्य रामहरीभाऊंना आठवले. तेव्हाही आवाज चढला नव्हता. 'जपून जा,' असेही ते वर म्हणाले होते.

"फोन लावतो त्याला."

"बंद हाय. पहाटंच्या येष्टीनं पुन्याला गेला. आईला म्हनला, काकाच आसं बोलले, आता गावात कुनाकडं बगू?"

बनुबाईंनी किटली उचलली आणि दूध न घालताच त्या चालू लागल्या. रांग पुढे सरकली.

गर्दी ओसरल्यावर रामहरीभाऊंनी खिडकीतला पेला आत घेतला. त्यात मुंग्या झाल्या होत्या. त्यांनी तो राखेने घासला, विसळला, धोतराच्या सोग्याने कोरडा केला आणि तो टांगण्यासाठी ते भिंतीकडे वळले.

ओळीत एका जागी फक्त भोक होते. खिळाही काल त्यांनीच उपटून काढला होता.